करमरकर सरांची नळी

करमरकर सर आमच्याकडे चहाला येतात तेव्हा कप घरून घेऊन येतात. बशीसुद्धा. पांढरा, निळ्या रेघेचा कप डाव्या हातात, त्याच्यावर बशी पालथी घातलेली आणि उजव्या हाताचं बोट बेलवर. त्यांचं दार आणि आमचं दार ह्यांच्यामध्ये फक्त लिफ्ट आहे, पण तेवढ्या प्रवासातही कपात धूळ पडू नये ही काळजी. चहा संपला की तो कप तसाच, न विसळता परत न्यायचा. लग्न होऊन ह्या घरात नवी नवी आले होते तेव्हा 'राहू दे हो सर, मी धुते' असं मी एकदा म्हटलं. सरांनी कप पाठीमागे लपवला. मी काही त्यांचं घड्याळ मागितलं नव्हतं.

मुलुंड पूर्वेच्या आमच्या इमारतीत सरांना सगळे ओळखतात. शाळेत भूगोल शिकवून ते निवृत्त झाले. लग्न केलं नाही, घरात एकटेच असतात. डावं-उजवं हे शब्द त्यांना मंजूर नाहीत. 'तुमच्या ओट्याच्या नैऋत्येला झुरळ आहे' असं ते शांतपणे सांगतात आणि मी ओट्यापाशी उभी राहून सूर्य कुठून उगवतो ते आठवेपर्यंत झुरळ पूर्ववत बिळात गेलेलं असतं. कुठलीही महत्त्वाची गोष्ट सांगून झाली की तर्जनी वर करून म्हणतात, 'हे परीक्षेला आहे.' मग ती गोष्ट पाणीपट्टीची असो की कोथिंबिरीच्या भावाची.

पण सर इमारतीत खरे प्रसिद्ध आहेत ते उष्ट्यासाठी. पाणी वरून पितात. स्वतःच्या घरात, स्वतःच्या बाटलीतलं, एकटे असतानासुद्धा वरूनच. आमच्या गॅलरीतून त्यांची गॅलरी दिसते म्हणून मला माहीत, मी काही मुद्दाम बघत नाही. सत्यनारायणाचा प्रसाद ते स्वतःच्या वाटीत घेतात. मागे सोसायटीने त्यांचा वाढदिवस केला, केक आणला, मेणबत्ती लावली, पोरं 'फुंका, फुंका' म्हणून ओरडली. सरांनी ती चिमटीत धरून विझवली, बोट भाजून घेतलं आणि 'ज्योतीवर फुंकर मारणं मला पटत नाही' असं म्हणून बोट थंड पाण्यात बुडवायला घरी गेले. एकदा ते गेटवर मक्याचं कणीस खात उभे होते. पहिल्या मजल्यावरची चिमुरडी येऊन 'आजोबा, एक घास' म्हणाली, तर ह्यांनी घास दिला नाहीच. तिला एक अख्खं कणीस घेऊन दिलं. मग तिच्या भावाला. मग खेळत असलेल्या सगळ्यांना. कणीसवाल्याचा टोपला रिकामा झाला, पण सरांच्या कणसाला कुणाचा दात लागला नाही.

सगळ्या जगाने तोंडाला फडकी बांधली त्या काळात सर फुलले होते. 'मी सांगत नव्हतो?' असं ते प्रत्येकाला जिन्यात गाठून, योग्य अंतरावरून विचारायचे. पुढे सगळ्यांचे मास्क निघाले. सरांचा लिफ्टमधला अजून निघालेला नाही.

ह्या सगळ्याची आम्ही गंमतच करत असू. एक माणूस सोडून. माझ्या सासूबाई, म्हणजे आमच्या आई.

आई मूळच्या मालवणकडच्या. लग्न होऊन परळच्या चाळीत आल्या, सासरे गिरणीत होते. त्यांना मी पाहिलेलं नाही. नितीनला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, नोकरी लागल्यावर हे लोक मुलुंडला आले. मुंबईत उभा जन्म काढूनही आईंची मालवणी तसूभर हललेली नाही, आणि आमच्या घरातला माशांचा वाससुद्धा. सरांच्या कपाचा अर्थ आईंनी पहिल्याच दिवशी लावला होता.

"भट तो," त्या मला म्हणाल्या होत्या. "आमी मासे खातव, आमच्या भांड्यांका वास येता तेका. चाय होयी, कप नको. आमच्या कपाक काय ईख लागलाहा?"

मी काहीतरी सारवासारव केली. पण खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटायचं. आडनाव करमरकर, कप घरचा, वाटी घरची. दुसरा काय अर्थ लावणार? आणि तरी माणूस वाईट नव्हता. नितीनला ताप आला तेव्हा रात्रभर रिक्षा शोधत फिरला होता. आईंच्या गुडघ्याच्या गोळ्या संपत आल्या की आठवणीने आणून द्यायचा. आई त्या गोळ्या घ्यायच्या, 'मास्तर' म्हणून मान द्यायच्या, मोदक केले की पाठवायच्या. पण त्या कपाचं त्यांना लागलं होतं. बेल वाजली की आधी त्यांची नजर सरांच्या डाव्या हाताकडे जायची आणि चेहरा मिटायचा. इतक्या वर्षांत एकदाही त्या सरांच्या समोर बसून चहा प्यायल्या नाहीत. स्वतःचा कप घेऊन आत निघून जायच्या.

तर असं सगळं चाललेलं असताना आमचं अंदमानला जायचं ठरलं.

सर चहाला आले होते. अंदमान म्हटल्यावर त्यांनी बशी खाली ठेवली. "प्रवाळ!" ते म्हणाले. प्रवाळांचा धडा त्यांनी आयुष्यभर शिकवला होता. फळ्यावर रंगीत खडूंनी अशी प्रवाळ बेटं काढायचे की पुढच्या तासाचे शिक्षक फळा पुसायला तयार नसायचे, हे त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांकडून मी ऐकलं आहे. स्वतः मात्र खडूच्या पलीकडे प्रवाळ पाहिलेलं नव्हतं.

"सर, तुम्ही पण चला ना," नितीन बोलून गेला.

आई आतून म्हणाल्या, "येवंदेत. बॅगो सांबाळूक कोणतरी होयोच."

मग सुरू झाला स्नॉर्केलिंगचा प्रश्न. म्हणजे डोळ्यांवर काचेचा मास्क, तोंडात नळी, आणि पाण्यावर पालथं पडून खालची दुनिया बघायची. हे सामान तिथे भाड्याने मिळतं, होडीवालाच देतो, सगळे तेच घेतात. नितीनने हे सांगताच सर ताठ झाले.

"भाड्याने? नळी? तोंडात धरायची नळी?"

"सर, अर्ध्या तासाचं काम आहे यार. विकत कोण घेतं?"

"छत्री भाड्याने घ्या. सायकल घ्या. माझं काही म्हणणं नाही. पण ह्या तोंडातली त्या तोंडात जाणारी वस्तू माणसाने स्वतःची घ्यावी, स्वतः वापरावी आणि स्वतःबरोबर परत आणावी. हे परीक्षेला आहे."

"आणि परत आणून करतलात काय?" आई आता दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. "मुलुंडात खंय पेवतलात? टाकयेत? काय नाहूरच्या नाल्यात?"

सर हसले, पण हटले नाहीत. पुढे महिनाभर आमच्या मजल्यावर दुसरा विषय नव्हता. आईंचा पक्ष भाड्याचा. एका दिवसाच्या तमाशासाठी घरात अडगळ कशाला, आयुष्य परळला भाड्याच्या खोलीत गेलं तर नळीचं काय कौतुक. सरांचा पक्ष खरेदीचा. लिफ्टची वाट बघताना दोघं वाद घालायची. लिफ्ट यायची, दुसऱ्यांना घेऊन निघून जायची. मला बरं वाटायचं. निदान बोलत तरी होती.

सरांनी नळी मागवली. पहिली आली ती लहान मुलाची, तिच्यावर हसरा डॉल्फिन. परत पाठवली. दुसरी बरोबर आली, तर सरांनी निर्जंतुक करायची म्हणून ती कुकरमध्ये उकळली. तोंडात धरायच्या रबराची जिलबी झाली.

"शिट्ट्यो किती काडलात?" आईंनी विचारलं.

तिसऱ्या नळीला सरांनी नुसत्या कोमट पाण्याने आंघोळ घातली आणि सराव सुरू केला. सकाळी गॅलरीत आरामखुर्चीवर बसायचं, डोळ्यांवर मास्क, तोंडात नळी, हातात पेपर. श्वासाची सवय व्हायला हवी, फुप्फुसांना सांगून ठेवायला हवं, असं त्यांचं म्हणणं. समोरच्या इमारतीतले लोक चहा घेऊन गॅलरीत यायला लागले. कुरिअरवाल्याने एकदा बेल दाबली आणि सरांनी त्याच वेषात दार उघडलं. तो पार्सल खाली ठेवून जिन्याने पळाला. सही घ्यायची राहिली म्हणून सर मागोमाग 'होऽऽ होऽऽ' करत धावले, कारण नळी तोंडात असताना एवढंच बोलता येतं. त्यांच्याकडे भांडी घासणाऱ्या बाईंनी तर मला बाजूला घेऊन विचारलं, "ताई, सरांचं काय दुखतंय का?"

आई वरवर हसायच्या. पण निघायच्या आदल्या दिवशी बॅग भरताना मला म्हणाल्या, "ह्या खेपेक मी तेका तोंडार इचारतलंय. चार दिस एकत्र ऱ्हवाचा, एकत्र जेवाचा. कप घेवन इलो तर इचारतलंय, आमी तुमका काय वाटतंव म्हणान."

"आई, जाऊ द्या ना. तिकडे कशाला? वय झालंय त्यांचं."

"माजा नाय झाला?"

माझा तिकडे जायचा आनंद तिथेच अर्धा झाला. सरांना आम्ही सोडून कोणी नव्हतं, हे मला माहीत होतं. आईंनी तोंडावर विचारलं की सर दुखावणार, दार लावून घेणार, आणि लिफ्टच्या पलीकडचं ते दार पुन्हा काही उघडायचं नाही.

कप अर्थातच अंदमानला आला. सदऱ्यात गुंडाळून आणला होता. पहिल्याच संध्याकाळी हॉटेलच्या व्हरांड्यात तो बाहेर निघाला, आणि मी आईंचा दंड धरून त्यांना 'चला, शिंपले बघू' म्हणत किनाऱ्यावर घेऊन गेले. दुसऱ्या दिवशीही शिंपले बघितले. एवढे शिंपले मी आयुष्यात पाहिले नव्हते.

तिसऱ्या दिवशी होडी. नितीन, मालवणच्या दर्यावर्द्यांचा वंशज, होडीत पाय ठेवण्याआधीच पिवळा पडला आणि आमच्या चपला राखायला किनाऱ्यावर थांबला. होडीत आई, सर, मी आणि माहिती सांगणारा एक हसतमुख तरुण. मला पोहता येत नाही आणि माशांनी मला खालून बघावं अशी इच्छाही नाही, त्यामुळे मी टॉवेल सांभाळत बसणार हे ठरलेलं होतं. आईंनी मात्र लुगडं हॉटेलवर ठेवून माझा पंजाबी ड्रेस घातला होता आणि वरून नारिंगी जॅकेट. मला वाटलं होतं त्या बघून परत फिरतील. कसल्या फिरतात! लहानपणी खाडीत पोहलेलं अंग ते.

होडी एका जागी थांबली. तरुणाने प्लास्टिकच्या क्रेटमधून भाड्याचं सामान काढलं आणि आईंना दिलं. सरांनी आपलं काढलं. आईंनी ते बघितलं.

सर आधी उतरले. रबरी रिंगला धरून, तरुणाचा हात धरून पालथे झाले आणि पाण्यावर नुसती नळी दिसायला लागली. बराच वेळ ती हळूहळू सरकत होती. मग सरांनी डोकं वर काढलं, नळी तोंडातून काढली आणि ओरडले, "अहो, रंग! खडूत हे रंगच नाहीत!" पुन्हा खाली गेले. पुन्हा वर येऊन मला म्हणाले, "सगळं चुकीचं शिकवलं मी, सगळं!" इतका आनंदी माणूस मी फार दिवसांत पाहिला नव्हता.

मग आईंची पाळी. त्या उतरल्या, आणि लगेच खोकत वर आल्या. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा नाकातोंडात पाणी. तरुणाने नळी तपासली. तोंडात धरायचं रबर कुणीतरी चावून चावून फाडलं होतं, त्यातून पाणी आत जात होतं. दुसरी नळी नव्हती. बाकीच्या सगळ्या दुसऱ्या होडीबरोबर गेल्या होत्या, आणि वारा वाढत असल्यामुळे आमच्या होडीला थोड्याच वेळात परतायचं होतं. आईंना वर घेतलं. त्या होडीच्या काठावर ओल्या बसल्या, टॉवेल न घेता, पाण्याकडे बघत. खालची दुनिया बघायची राहिली, एवढंच म्हणाल्या.

सरही वर आले होते. मास्क अजून डोळ्यांवर, नळी हातात.

"आंटी, अंकल का ट्यूब ले लो ना," तरुण म्हणाला. "इनका तो हो गया."

सरांनी नळी दोन्ही हातांनी छातीशी धरली. मला कळलं, आता होणार.

"ते देवचे नाय," आई पाण्याकडे बघतच म्हणाल्या. मग वळल्या. "मास्तरांनू, आज इचारतंय. इतकी वर्सां आमच्या घराक येतास, आमच्याकडचो चाय पितास, आणि कप आपलो हाडतास. आमी काय घाण आसंव?"

"वहिनी..." सर म्हणाले. "वहिनी, असं कसं तुम्ही... तुम्हाला असं वाटत होतं?"

"मगे काय वाटतला?"

सर होडीतल्या फळीवर बसले. त्यांनी काही नाटक केलं नाही, रडले नाहीत. वर्गात धडा सांगावा तसं एकेक वाक्य सांगितलं. कॉलेजात असताना त्यांना टीबी झाला. बरेच महिने घराबाहेर, सॅनिटोरियममध्ये काढले. बरे होऊन आले. डॉक्टरांनी लिहून दिलं, आता कुणाला काही धोका नाही. घरी आले तेव्हा त्यांचा कप, ताट, पेला खिडकीतल्या वेगळ्या फळीवर ठेवलेला होता. तो तिथेच राहिला. वर्षं गेली, भावाचं लग्न झालं, मुलं झाली, फळी तीच. पुतण्या रांगत त्यांच्या ताटाजवळ आला की भावाची बायको धावत येऊन उचलून न्यायची.

"तिची चूक नव्हती हो, ती आई होती," सर म्हणाले. "नोकरी लागल्यावर मी वेगळा राहिलो. पण मग कुणाकडे गेलो की मनात यायचं, ह्यांना कळलं तर माझा कप बाजूला ठेवतील. दुसऱ्याने ठेवण्याआधी आपणच ठेवलेला बरा. तुमचा कप मला घाण वाटत नाही, वहिनी. माझं तोंड त्याला लागू नये, एवढंच. आता हे चूक आहे हे मलाही कळतं. मी विज्ञान वाचतो. पण हात पुढे होत नाही." मग हातातल्या नळीकडे बघून म्हणाले, "ही माझी उष्टी आहे. तुम्हाला कशी देऊ?"

मी आईंकडे बघितलं. त्या सरांकडे एकटक बघत होत्या. मी त्यांना इतकी वर्षं ओळखते, पण तो चेहरा मला नवा होता.

"माज्या घोवाक टीबी झालो होतो," त्या म्हणाल्या. सासऱ्यांचं हे मला ठाऊक नव्हतं. नितीननेही कधी सांगितलं नव्हतं. "मिलात अर्ध्या खात्याक टीबी होतो. शेजारीण म्हणा होती, ताट येगळा कर. मी नाय केलंय. त्येंच्याच ताटात जेवलंय, शेवटपर्यंत. काय झाला माका? नुसती जाडी झालंय." आणि हात पुढे केला. "हाडा हंय."

"थांबा, निदान धुऊन तरी..."

"गप ऱ्हवा."

आईंनी नळी त्यांच्या हातातून काढूनच घेतली. ना झटकली, ना पदराला, म्हणजे माझ्या ओढणीला, पुसली. तशीच दातांत धरली, मास्क चढवला आणि होडीच्या काठावरून पाण्यात उतरल्या. तो तरुण मागोमाग रिंग घेऊन धावला.

सर जागच्या जागी उभे राहिले होते. पाण्यावर नळीचं टोक दिसत होतं, लांब लांब जात होतं. मध्येच आईंनी डोकं वर काढलं, नळी काढली आणि ओरडल्या, "मास्तरांनू! हिरवो मासो बगलास? केदो आसा! कालवण जाता काय ह्येचा?" उत्तराची वाट न बघता नळी पुन्हा तोंडात घालून खाली गेल्या.

"सर, बसा ना," मी म्हटलं. "आणि तो मास्क काढा आता."

"असू दे," सर म्हणाले.

होडी हलत होती. सर दोरीला धरून, आईंच्या दिशेला तोंड करून तसेच उभे होते, आणि कोरड्या होडीत, काचेच्या आत, त्यांच्या मास्कमध्ये पाणी साठत चाललं होतं.